काहीच ऐकू आलं नव्हतं, अक्का

अक्का, तुझ्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असं होतं.

तू विचारलंस तेव्हा मी "हो" म्हणालो. त्यानंतर पन्नास वर्षं तू जिवंत होतीस. त्यातली बहुतेक वर्षं माझ्या घरापासून सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर राहत होतीस, दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होतीस, सणाला माझ्या ताटात वाढत होतीस. एवढ्या वर्षांत ते "हो" परत घ्यायला माझी जीभ उचलली नाही. आता तू छावणीच्या बाजूच्या दफनभूमीत आहेस, दोन महिने होत आले, आणि आता मी बोलतो आहे. मेलेल्या माणसासमोर खरं बोलायला धाडस लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ऐक.

तुझी खोली अजून रिकामी केलेली नाही. मी रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. खिडकीजवळच्या तुझ्या लाकडी स्टुलावर बसत नाही, पलंगावर बसतो. पंखा लावला की तो कुरकुरतो, आणि मला दोर ओढणारं लाकडी चाक ऐकू येतं. म्हणून उकडत असलं तरी मी तो बंद करून टाकतो. मग खोली इतकी शांत होते की तुझं "बरं" ऐकू येतं. फक्त तेवढंच. रागावून म्हटलेलं नाही, दुखावून म्हटलेलं नाही. रोग्याचा ताप पाहून कागदावर लिहावा तसं म्हटलेलं "बरं".

तुझ्या दफनविधीला लोक माझ्याबद्दलच जास्त बोलले. असा भाऊ घडवला, म्हणे. देवाचा आवाज ऐकणारा पाळक घडवला. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना वाटलं, मी रडतो आहे.

निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी तीन वर्षांचा होतो आणि तू चौदाची. पुढच्याच वर्षी आई गेली. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, सदा बदलीच्या गावी. नर्सिंग शिकायला तू औरंगाबादला आलीस ती मला सोबत घेऊनच. (शहराचं नाव बदललं तरी तू शेवटपर्यंत औरंगाबादच म्हणायचीस. "मी ज्या गावात आले त्याचं नाव औरंगाबाद होतं," म्हणायचीस.) मिशन दवाखान्याच्या मागच्या त्या एका खोलीत मी वाढलो. ड्यूटीला जाण्याआधी तू खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचीस. दोन्ही तळवे मांडीवर, उघडे. ओठ हलायचे नाहीत.

"अक्का, काय सांगितलं देवानं?" मी विचारायचो.

"अजून काही नाही."

"मग एवढा वेळ काय करत होतीस?"

"गप्प बसले होते."

मला ते हास्यास्पद वाटायचं. तुझ्यासाठी त्या शिक्षकाचं स्थळ आलं, चांगला सरळ माणूस होता. तू म्हणालीस, "देवाला विचारते." विचारण्यात दोन महिने गेले आणि त्याचं लग्न जालन्याच्या मुलीशी ठरलं. मी तुला चिडवलं, "देवाचा जबाब येईस्तोवर नवरदेव गेला की!" तू पोट धरून हसलीस. "शिम्या, मग तोच जबाब." त्या हसण्यात दुःख होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पाळक व्हायचं मी ठरवलं तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मला वाटलं होतं, तुला आनंद होईल. मी सभेत उभा राहून माझं पाचारण सांगितलं होतं, माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू घरी आल्यावर पोळ्या लाटत होतीस. पाठमोरीच विचारलंस, "शिम्या, तुला देवाचं ऐकायचंय, का देवाच्या वतीनं बोलायचंय?"

"दोन्ही एकच."

"एकच नाही रे. मला तरी एकच वाटत नाही."

मी म्हणालो, "तुला देव कधी काही सांगत नाही म्हणून तू जळतेस." हे वाक्य मी बोललो, अक्का. पंधरा वर्षं जिनं माझे कपडे धुतले तिला. तू लाटणं थांबवलं नाहीस. पोळी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "तसंही असेल." मी जिंकलो असं मला वाटलं.

पुढं मला पाचोडपासून आत तीन कोसांवरची वस्ती मिळाली. तीस-बत्तीस घरं, गावाबाहेर, सगळी आपली ख्रिस्ती मंडळी. मातीच्या भिंतींचं प्रार्थनाघर, त्यालाच लागून माझी खोली. मी सव्वीस वर्षांचा. म्हातारी माणसं मला "पाळकसाहेब" म्हणून उठून उभी राहत. तू एकदा एस.टी.नं आलीस, ते पाहिलंस, आणि जाताना एवढंच म्हणालीस, "लोक उठले की तूही उठत जा."

मग तो दुष्काळ आला. तुला तो सांगायला नको, त्या साली तुमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातसुद्धा रोगी झोपवले होते. आमच्या वस्तीची अडचण वेगळीच होती. विहीर गावाची, आणि तिच्यावर आमच्या बायकांना हात लावायची परवानगी नव्हती. कोणी वरून ओतलं तर हंडा भरायचा. पाणी होतं तोवर कोणीतरी ओतायचं. पाणी तळाला गेल्यावर कोण कोणाला ओतणार? बायका सकाळी जाऊन दुपारी रिकाम्या परत यायच्या. वस्तीनं ठरवलं, आपली विहीर खोदायची. जागा शाळेसाठी मिळालेलीच होती, हातही होते. खोदायचं कुठं, एवढाच प्रश्न होता.

त्या भागात करीमचाचा नावाचे पाणाडे होते. कडुलिंबाची दुबेळकी फांदी हातात धरून जमीन चालायचे आणि पाण्याची जागा सांगायचे. वस्तीतल्या वडीलमंडळींनी त्यांना बोलावलं. ते त्या जागेच्या टोकाला, बाभळीपाशी थांबले. "यहां देखो," म्हणाले. मला राग आला. देवाची मंडळी काडीला विचारणार? सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आपण काडीला विचारायचं नाही. देवाला विचारायचं. मी विचारतो."

मी प्रार्थनाघरात गेलो, दार लोटलं, गुडघे टेकले. बाहेर सगळी वस्ती उभी होती. तान्ही पोरं रडत होती, कोणीतरी खोकत होतं. मी म्हणालो, "प्रभू, दाखव." आणि काहीच झालं नाही, अक्का. शब्द नाही, खूण नाही, मनाला शांती नाही, काही नाही. तुझ्या भाषेत, "अजून काही नाही." तू असतीस तर बाहेर येऊन म्हणाली असतीस, "अजून कळलं नाही, थांबा." मला ते म्हणता येईना. करीमचाचांना काडीनं क्षणात जागा दाखवली होती, आणि देवाच्या माणसानं रिकाम्या हातानं बाहेर यायचं? मी फार वेळ थांबलोही नाही. पाच मिनिटं असतील. उठलो, दार उघडलं, सरळ प्रार्थनाघराच्या मागं चालत गेलो आणि टाच जमिनीवर आपटली. "इथं. प्रभूनं दाखवलंय."

तीच जागा का, हे मला नीट माहीत आहे. तिथं पाणी लागलं तर बायका रोज प्रार्थनाघरापाशी पाण्याला येतील, असं मनात आलं होतं. विहीर माझी म्हटली जाईल. त्या पाच मिनिटांत मी ज्याचा आवाज ऐकला तो मीच होतो.

खोदणाऱ्यांत सगळ्यांत पुढं याकोब. तू त्याला आधी एकदा पाहिलं होतंस, दाराशी उभा राहून तुला कच्च्या चिंचा देणारा, उंच, थोडा तोतरा. सरूबाईशी लग्न होऊन वर्ष झालं होतं, तिला सातवा महिना लागला होता. तो म्हणायचा, "प-पोर व्हायच्या आत पाणी लागलं पायजे." चार परस खोदलं, कोरडं. पाच, कोरडं. वडीलमंडळींनी हळूच विचारलं, जागा बदलावी का. मी रविवारी खडकातून पाणी निघाल्याचा तो अध्याय वाचला आणि विश्वासावर उपदेश केला. कोणी परत विचारलं नाही.

सात परसांवर, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या खोलीवर, भुसभुशीत मुरूम लागला. करीमचाचा वाटेनं जात होते, ते काठाशी येऊन वाकून बघत राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पादरीसाब, ये कड कच्ची है. बांधे बगैर आदमी नक्को उतारो." मी हसलो. "चाचा, इस में काडी नहीं चलती." ते टोपी सारखी करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी एकजण उतरला, त्याच्यामागून याकोब दोर धरून खाली गेला. रहाटाचं चाक कुरकुरत होतं. दहा टोपली माती वर आली असेल. मग आवाज झाला. मोठा नव्हता. धान्याचं पोतं फुटून सांडावं तसा. चाक थांबलं. धूळ वर आली आणि खालून काही आलं नाही.

दुपारपर्यंत आम्ही हातांनी माती उपसली. त्याच्यासोबत खाली असलेला दुसरा माणूस पाय मोडून वाचला, त्याला ट्रकमध्ये घालून तुमच्या दवाखान्यात पाठवला. त्याच्याकडूनच तुला कळलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तू आलीस. याकोबला तेव्हा मातीत द्यायची वेळ झाली होती. तू सरूबाईच्या पाठीमागं जाऊन बसलीस, तिचा हात हातात धरलास, आणि मी काय बोललो ते तू ऐकलंस. मी म्हणालो, "आपला भाऊ याकोब प्रभूच्या शब्दावर विश्वास ठेवून खाली उतरला. प्रभूच्या शब्दासाठी त्यानं जीव दिला. ही आपली परीक्षा आहे." सरूबाईनं वर पाहिलं. तिला त्या वाक्याचा आधार वाटला, हे मला दिसलं. तिला त्याच्याशिवाय धरायला काही नव्हतं.

संध्याकाळची गाडी पकडायच्या आधी तू मला प्रार्थनाघराच्या ओट्यावर बसवलंस. तुझ्या पांढऱ्या लुगड्याला माती लागली होती. "शिम्या, एकच विचारते," म्हणालीस. "जागा सांगितलीस ती खरंच ऐकली होतीस का रे?"

"हो."

"बरं."

विहिरीचं ते बुजवलेलं तोंड मागं होतं आणि आपण दोघं समोर बघत होतो. दुष्काळ सरला, पुढच्या साली सरकारी हातपंप आला. माझी बदली झाली, आधी जालना, मग परत शहरात. माझं नाव झालं. आणि मग मी त्याहून वाईट गोष्ट केली. मी ती विहीर उपदेशात सांगायला लागलो. मोठ्या सभांमध्ये. दुष्काळ, तरुण पाळक, देवाचा शब्द, आणि तो शब्द पाळताना जीव देणारा साधा माणूस. लोक रडायचे. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी सुबक होत गेली. याकोबचं तोतरं बोलणं मी काढून टाकलं, कारण त्यानं लय तुटायची.

एका रविवारी ती गोष्ट चालू असताना तू तिसऱ्या बाकावरून उठून बाहेर गेलीस. उपासना संपल्यावर मी पाहिलं, तू नळाजवळच्या कट्ट्यावर बसली होतीस.

"काय झालं?"

"उकडत होतं."

मी म्हणालो, "बोल ना स्पष्ट." तेव्हा तू बोललीस, पुन्हा कधी बोलली नाहीस. "त्या दिवशी देवानं खरंच काही सांगितलं असेल, आणि ते करीमचाचाच्या तोंडून सांगितलं असेल तर?"

"देव पाणाड्याच्या तोंडून बोलतो?"

"मला काय माहीत. पण कड बांधा, हे त्या दिवशी फक्त एकच माणूस म्हणत होता."

मी तुला शास्त्रातले दाखले दिले. चढत्या आवाजात. तू ऐकून घेतलंस, पदर झटकलास आणि भाजी घ्यायला गेलीस. तो वाद तिथंच राहिला. मी रात्रंदिवस तो तुझ्याशी मनात जिंकत आलो आहे आणि एकदाही जिंकलेलो नाही.

याकोबचा मुलगा दानीएल. बाप गेल्यावर दोन महिन्यांनी जन्मला. तो वीस वर्षांचा झाला तेव्हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "माझा बाप देवाच्या शब्दासाठी गेला. मलाबी त्या शब्दाची सेवा करायची हाये. तुमी माझ्यासाठी पत्र द्या." मी पत्र दिलं. सही करताना मी क्षणभरही थांबलो नाही, हे सांगायलाच हवं. आज तो त्याच वस्तीचा पाळक आहे.

शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. मी वाचून दाखवायचो, तू डोळे मिटून ऐकायचीस. एकदा मध्येच म्हणालीस, "पाचोडला जायचं राहिलं रे ह्या वर्षी." मला वाटलं, ग्लानीत आहेस. दर हिवाळ्यात तू तिकडं जायचीस, जुन्या रोग्यांना भेटायला असं सांगून. मी म्हणालो, "बरी झालीस की जाऊ." तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. त्या पाहण्यात प्रश्न होता. तेव्हा बोलायला हवं होतं. मी उशी सारखी केली आणि पुढचा अध्याय वाचायला घेतला. दोन दिवसांनी तू गेलीस.

दफनविधीला सगळ्यांच्या मागं एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात टायरच्या चपला. लोक पांगल्यावर ती पुढं आली. ती सरूबाई होती, केस सगळे पांढरे झालेले. मी म्हणालो, "सलाम बाई." तिनं सलाम घेतला नाही.

"अक्का दरसाल यायच्या," ती म्हणाली. "पोर झालं तवापासून. ह्या सालाआधी एक सालबी चुकलं नाय. आता कोन येनार?"

"काय बोलायची ती?"

"काय नाय. बसायच्या. पयल्यांदा आल्या तवा मी इचारलं, अक्का, माझा नवरा देवाच्या सांगन्यानं मेला, व्हय ना? तर म्हनल्या, मला ठावं नाय गं. माझ्या भावाला ठावं हाय. तो एक दिवस यील आन् सांगंल. तवर मी येत जाईन."

अक्का, पन्नास वर्षं! तू माझा खोटेपणा कोणाला सांगितला नाहीस, आणि माझ्यासाठी खोटंही बोलली नाहीस. जुन्या रोग्यांना भेटायला जाते म्हणायचीस, तेव्हा त्या रोग्यांत मीही होतो, हे मला आता कळतं. माझ्या जागी तू जाऊन बसत होतीस.

पंधरा दिवसांनी मी पाचोडला गेलो, तिथून रिक्षानं वस्तीवर. दानीएल बाहेरगावी होता. मी सरूबाईला सगळं सांगितलं. पाच मिनिटांचं, रिकाम्या प्रार्थनेचं, टाच आपटल्याचं, करीमचाचांचं. ती निवडत असलेलं तांदळाचं ताट तिच्या मांडीवर तसंच राहिलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. अक्का खोटं बोलायच्या नाय. त्या गप बसायच्या तवाच कळायचं."

मी म्हणालो, "दानीएल आला की त्यालाही सांगतो. आजच सांगतो. मी थांबतो."

तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "तुमाला आजच का सांगायचंय? तुमच्या डोक्यावरचं वझं खाली ठिवायला? आन् ते त्याच्या डोक्यावर ठिवनार? त्यानं समदा जलम ह्या एका गोष्टीवर उभा केलाय. तवाबी तुमी पाच मिन्टांत उठला. आता तरी घाई करू नका. इचारा आधी."

"कसं विचारू?" मी म्हणालो. बावन्न वर्षं पाळक असलेला मी, तिला हे विचारत होतो.

"मला काय इचारता? बसा."

मी बसलो. तीही बसली. तळवे उघडे ठेवावेत की नाही, हे मला कळेना, तुझी नक्कल केल्यासारखं वाटलं. मी हात तसेच गुडघ्यावर ठेवले. आतून काही आलं नाही. पण पहिल्यांदाच, काही न आल्याची मला भीती वाटली नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा उठून परत आलो. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. आम्ही बसलो, काही नाही, परत आलो. तिसऱ्या शनिवारी मी दारात पाऊल टाकलं तशी ती म्हणाली, "आज सांगा. आज त्यो घरी हाये."

"देवानं तुम्हाला कळवलं?"

"देवाचं मला काय म्हाइत. मला धीर आला, एवढंच."

दानीएल आतून आला, हात पुसत, आनंदानं. माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला वाकू दिलं नाही. त्याच्या आईसमोर, त्या खोलीत, मी पुन्हा सगळं सांगितलं. आता तो पन्नाशीचा माणूस आहे, अक्का, कानशिलांवर पांढरं आलेलं, पण ऐकता ऐकता त्याचा चेहरा लहान होत गेला. मी संपवलं. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि लांब गेला.

त्यानं आरडाओरडा केला नाही. विचारलं, "उतरताना माझा बाप काय बोलला का?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कुठल्या उपदेशात नाही, तुलासुद्धा नाही. दोर धरणारे चाकाच्या पलीकडं होते, काठाशी मी एकटा होतो. याकोबनं दोर पायात अडकवला, खाली जायच्या आधी त्याचं डोकं जमिनीच्या पातळीवर असताना तो थांबला. वर माझ्याकडं पाहून म्हणाला, "पा-पाळकसाहेब, नक्की ना?"

"मग?" दानीएलनं विचारलं.

"मी म्हणालो, नक्की."

तो उठून दारात जाऊन उभा राहिला. पाठ आमच्याकडं. मग म्हणाला, "म्हंजे माझ्या बापानं इचारलं व्हतं."

"हो."

"मला आजवर वाटायचं, त्यो काय न इचारता उतरला. मी मंडळीला तेच शिकवत आलो. न इचारता उतरा." तो आईकडं वळला. "त्यानं इचारलं व्हतं, आई."

सरूबाईनं पदर तोंडाला लावला. पन्नास वर्षांनी तिच्या घरात तिचा नवरा बोलला होता, त्याच्या स्वतःच्या तोतऱ्या आवाजात, आणि ते वाक्य इतकी वर्षं मी माझ्यापाशी दाबून ठेवलं होतं. मी तिथून उठून जायला हवं होतं की बसायला, हे मला समजलं नाही. मी बसून राहिलो.

निघताना त्यानं मला सलाम केला नाही. पण मोटारसायकल काढली आणि पाचोडच्या स्टँडपर्यंत सोडलं. गाडी लागलेली होती. मी उतरलो, तेव्हा तो हँडलकडं बघत म्हणाला, "माफीचं आत्ता काय इचारू नका. मला माझंच कळंना." मग, "रविवारी येत जा. बोलायला नाय. बसायला."

मी जातो, अक्का. सकाळची सहाची एस.टी. धरतो. पाळकाच्या खुर्चीकडं जात नाही, मागं चटईवर बसतो, पुरुषांच्या बाजूला, भिंतीशी. पहिल्या रविवारी दानीएल उपदेशाला उभा राहिला आणि फार वेळ काही बोललाच नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग तो म्हणाला, "मला आज काय सांगायचं ते अजून कळलं नाय. आपन थोडं थांबू." एक म्हातारा खोकला, एक मूल बाहेर पळालं, आणि सगळी मंडळी थांबली. मीही थांबलो.